बावीस मिनिटांचा आशीर्वाद

एशिमकुलच्या घरातलं कपडे धुण्याचं यंत्र जूनमध्ये दुरुस्तीला म्हणून बाहेर पडलं ते परत आलंच नाही. ते बिघडलेलं नव्हतं, आणि जिपारला नेमका तिथेच संशय आला होता. सव्वीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने बिघडलेली वस्तूसुद्धा कधी दुरुस्तीला नेली नव्हती. धडधाकट यंत्र उचलून नेतोय म्हणजे पाणी नक्कीच मुरतंय. महिन्याभरानंतर ती डबा द्यायचं निमित्त काढून प्रयोगशाळेत गेली. तिच्या यंत्राचं पिंप एका लोखंडी चौकटीत आडवं टांगलेलं होतं, त्याला सिमेंट कालवायच्या यंत्राची मोटर जोडली होती आणि आत पाच किलो खडी होती.

"हे काय?"

"खडी धुण्याचं यंत्र," एशिमकुल म्हणाला. "मीच आखलंय."

"आणि माझे कपडे?"

"त्याचं पण बघू. आधी हे तर होऊ दे."

त्या दिवसापासून जिपारने नवऱ्याचे शर्ट तेवढे वेगळे काढून ठेवायला सुरुवात केली आणि दर रविवारी ते बादलीसकट त्याच्या पुढ्यात आणून ठेवले.

एशिमकुल हा जिल्ह्याच्या रस्ते प्रयोगशाळेचा प्रमुख होता. प्रयोगशाळा म्हणजे तीन खोल्या, एक काटा, एक भट्टी, चाळण्यांची एक चळत आणि आसिल्कान एजे. एजे म्हणजे ताई. तिला सगळा गाव ताईच म्हणायचा, आणि ती एशिमकुलला बाइके, म्हणजे दादा, म्हणायची. रस्त्यावर पडणारी खडी आधी इथे यायची. ती वाळवायची, तोलायची, पाणी नितळ येईपर्यंत धुवायची, पुन्हा वाळवायची, पुन्हा तोलायची. वजनात जी घट येईल तेवढी त्या खडीत माती. शंभरात एकापेक्षा जास्त माती निघाली की खडी नापास. हे धुणं एकोणीस वर्षं एजे करत होती, तेही हिमनदीतून येणाऱ्या नळाच्या पाण्यात. तिची मनगटं आता कणकीच्या गोळ्यासारखी सुजलेली असायची.

यंत्र आपण एजेच्या मनगटांसाठी बनवतोय असं एशिमकुल सगळ्यांना सांगायचा, आणि ते निम्मं खरंही होतं. उरलेलं निम्मं कारण आक-किया गावात राहत होतं. त्याचं नाव मांबेताली, वय एक्याऐंशी, नातं सासरा. म्हातारबांनी तरुणपणी दोन पूल बांधले होते, तीन कालवे काढले होते, आणि जावई दिवसभर काय करतो असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "सह्या करतो. चांगल्या करतो." हे 'चांगल्या करतो' एशिमकुलला सव्वीस वर्षं टोचत होतं. आपण हातांनी काहीतरी बनवू शकतो हे एकदा तरी त्या म्हाताऱ्याला दाखवायचं, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा होती. आता जो माणूस भिंतीत खिळा ठोकायला शेजाऱ्याला बोलावतो, त्याने ही महत्त्वाकांक्षा बाळगावी का, हा वेगळा प्रश्न. तो त्याने स्वतःला विचारला नाही, कारण उत्तर त्याला माहीत होतं.

पहिल्या चाचणीत पिंपाचं झाकण लावायचं राहिलं आणि खडी खिडकीतून अंगणात गेली. दुसऱ्या चाचणीत झाकण लावलं, पण पाण्याची नळी उलटी बसवल्यामुळे एशिमकुलच धुतला गेला. चौथ्या चाचणीत मात्र चमत्कार झाला. अडीच मिनिटांत खडी लख्ख! एजेला त्याच कामाला पाऊण तास लागायचा. आनंदाच्या भरात त्याने यंत्र आणखी दहा मिनिटं चालू ठेवलं आणि पाणी परत गढूळ व्हायला लागलं. धुवावं तितकं जास्त गढूळ.

"बाइके," एजे पिंपात डोकावून म्हणाली, "मोठ्या भावाला शिकवू नये, पण हे दगड आता एकमेकांना घासून स्वतःचंच पीठ पाडतायत. मळ कधीच गेला. आता निघतोय तो दगड."

"ते मला माहीत होतं," एशिमकुल म्हणाला. त्याला ते त्याच क्षणी कळलं होतं.

मग त्याने यंत्रावर स्वयंपाकघरातलं घंटीचं घड्याळ बसवलं. अडीच मिनिटं झाली की घंटी वाजायची, घंटी वाजली की भिंतीवरचं बटन माणसाने बंद करायचं. यंत्र आपोआप बंद करण्याचीही एक योजना त्याच्या वहीत होती. पण त्या योजनेने दोनदा सगळ्या इमारतीचे दिवे घालवले, म्हणून ती वहीतच राहिली.

ऑक्टोबर उजाडला. आक-कियाच्या रस्त्याचं काम अडून होतं ते फक्त खडीसाठी. गावाखालच्या नदीतली खडी पास झाली तर उद्यापासून ट्रक लागणार होते आणि बर्फाआधी रस्ता होणार होता. नापास झाली तर खडी सत्तर किलोमीटरवरून आणावी लागणार, म्हणजे काम वसंतापर्यंत बंद. आणि हिवाळाभर आक-कियाचे आजारी लोक नेहमीसारखे घोड्याच्या घसरगाडीवरून खाली येणार. मागच्या जानेवारीत जिपारच्या आईला तसंच आणलं होतं. दवाखान्यात पोचल्या, पण पुढे तीन महिने त्या उठल्या नाहीत. ह्या खडीची परीक्षा आपल्या यंत्रावर, सगळ्यांसमोर घ्यायची असं एशिमकुलने ठरवलं. राजधानीहून तपासणी समितीच्या अध्यक्षा वेनेरा साम्साकोव्हना येणार होत्याच. त्याने आक-कियाहून सासऱ्यांना आणि आणखी चार म्हाताऱ्यांना आवतण दिलं.

सकाळी दहाला पाहुणे आले. उंच पांढऱ्या टोप्या घातलेल्या पाच म्हाताऱ्यांना साहजिकच दारासमोरच्या भिंतीपाशी, मानाच्या जागी बसवलं. सतरंजी अंथरली, उशा ठेवल्या, मांबेतालींना बरोबर मध्ये बसवलं. यंत्राचं बटन त्याच भिंतीवर होतं, मांबेतालींच्या टोपीच्या वीतभर वर. एशिमकुलच्या हे लक्षात आलं. पण सासऱ्याला मानाच्या जागेवरून उठवून बटनासाठी बाजूला बसवणारा जावई अजून त्या खोऱ्यात जन्मलेला नव्हता. त्याने मनाशी हिशेब केला: यंत्र सुरू करताना जरा वाकायचं, बंद करताना जरा वाकायचं. त्यात काय मोठंसं?

दुसरी गोष्ट त्याच्या लक्षात आली ती घंटीची. म्हातारे आलेत म्हणजे कामाला आशीर्वाद देणार. आणि आशीर्वाद चालू असताना ती कर्कश घंटी वाजली तर? नुसत्या कल्पनेनेच त्याला घाम फुटला. त्याने हळूच घंटीवर आपटणारी हातोडी काढून खिशात टाकली.

ठरलेला क्रम असा होता: आधी आशीर्वाद, मग यंत्र, मग चहा. पण अध्यक्षीणबाई उभ्याउभ्याच म्हणाल्या, "मला अजून दोन जिल्हे करायचेत. नमुना तोललाय ना? मग सुरू करा."

राजधानीहून आलेल्या बाईला थांबा म्हणणंही जमण्यासारखं नव्हतं. एशिमकुलने सासऱ्याच्या डोक्यावरून हात लांब करून बटन दाबलं. मोटर गरजली, पिंप फिरू लागलं, आतली खडी धडधडू लागली. मांबेतालींनी वर पाहिलं. एक नवं काम सुरू झालं होतं आणि अजून कुणी देवाचं नाव घेतलं नव्हतं. त्यांनी एजेकडे, मग जावयाकडे नापसंतीने पाहिलं आणि दोन्ही तळवे वर करून छातीसमोर धरले.

खोलीतल्या प्रत्येकाचे तळवे वर झाले. अध्यक्षीणबाईंचेसुद्धा. चहाची किटली घेऊन आलेल्या जिपारने ती जमिनीवर ठेवली आणि हात पसरले. आशीर्वाद सुरू झाला, आणि आता शेवटचं 'ओमीन' होईपर्यंत कुणी जागेवरून हलायचं नाही.

म्हातारबांना ऐकू कमी यायचं. यंत्राचा आवाज त्यांना गुणगुण वाटत असावा. त्यांनी फक्त स्वतःचा आवाज चढवला. आधी त्यांनी सात पिढ्यांतल्या पूर्वजांची नावं घेतली. मग नदीला, मग नदीतल्या दगडांना आशीर्वाद दिला. घड्याळाचा काटा अडीच मिनिटांवर आला आणि बिनहातोडीच्या घंटीने आत नुसती कटकट केली. एशिमकुलने सासऱ्याच्या टोपीच्या वर, भिंतीवरच्या बटनाकडे पाहिलं. हात लांब केला तर सरळ आशीर्वादाच्या मधून जाणार होता.

पाच मिनिटं. रस्त्यावरून जाणाऱ्यांना, येणाऱ्यांना, त्यांच्या घोड्यांना, मेंढ्यांना. एशिमकुलने डोळ्यांनी एजेला खुणावलं. विजेचा मुख्य खटका तिच्याच बाजूला, दारापाशी होता. एजेचे डोळे भक्तिभावाने मिटलेले होते. त्याने जिपारकडे पाहिलं. जिपार आपल्या कपड्यांच्या यंत्राकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते वाचायची त्याला हिंमत झाली नाही.

दहा मिनिटं. आता त्याची सगळी भिस्त विजेवर होती. त्या भागात वीज रोज दिवसातून दोनदा जायची. हिवाळ्यात, उन्हाळ्यात, लग्नात, मयतात जायची. आज मात्र ती पतिव्रतेसारखी टिकून राहिली. पिंपातून नळीवाटे बाहेर पडणारं पाणी, जे मघाशी नितळ झालं होतं, ते दुधाच्या चहासारखं व्हायला लागलं. आपली सासू बर्फातून घसरगाडीवर येतेय असं चित्र एशिमकुलला दिसलं, आणि ती घसरगाडी आपण ढकलतोय असंही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मांबेतालींनी ते पाहिलं आणि अध्यक्षीणबाईंच्या माहेरच्या लोकांना आशीर्वाद द्यायला सुरुवात केली.

बाविसाव्या मिनिटाला "ओमीन" झालं. सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. एशिमकुलने तर हात फिरवता फिरवताच उडी मारली.

खडी चुलीवरच्या पसरट कढईत वाळवायला तासभर गेला. तोवर चहा झाला, तळलेल्या बोर्सोकच्या परातीच्या पराती संपल्या, म्हाताऱ्यांनी यंत्र ठोकून पाहिलं. एशिमकुल मात्र कढईपाशीच उभा होता. शेवटी एजेने खडी काट्यावर ओतली, आकडा पाहिला, काटा शून्यावर आणून पुन्हा तोलली.

"चार किलो सहाशे पंचेचाळीस," ती हळूच म्हणाली.

अध्यक्षीणबाईंनी वही काढली. "पाच किलोतून तीनशे पंचावन्न ग्रॅम गेले म्हणजे शंभरात सात. मर्यादा एकाची." त्यांनी चष्मा काढला. "वाईट वाटतं, पण ही खडी नाही, चिखल आहे. नापास."

"काय म्हणाली ती?" मांबेतालींनी विचारलं. शेजारच्या म्हाताऱ्याने त्यांच्या कानात ओरडून सांगितलं.

"आमचा दगड चिखल?" म्हातारबा ताडकन उभे राहिले. "बाई, त्या दगडावर मी पूल उभे केलेत! एक पूल पन्नास वर्षं उभा आहे!"

"आजोबा, मी काय करू? हे तुमच्या जावयाचंच यंत्र सांगतंय."

सगळ्यांनी जावयाकडे पाहिलं. एशिमकुलसमोर दोन रस्ते होते. यंत्र बरोबर म्हटलं तर आक-कियाचा रस्ता गेला. यंत्र चूक म्हटलं तर उन्हाळाभराची मेहनत, घरचं यंत्र आणि सव्वीस वर्षांची महत्त्वाकांक्षा गेली. तिसरा रस्ता होता तो म्हणजे सासऱ्यांचा आशीर्वाद लांबला हे सांगणं, आणि तो रस्ता नव्हताच. आयुष्यात एवढं खरं बोलायची त्याला सवय नव्हती.

"खडी चांगली आहे," तो म्हणाला. "यंत्र वाईट आहे. अडीच मिनिटांच्या वर चाललं की दगडच झिजवतं. बावीस मिनिटं चाललं."

"मग बंद का नाही केलंत?"

एशिमकुलने भिंतीकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं. "बटन... सापडलं नाही."

"यंत्र कुणी आखलं?"

"मी."

"बटन कुणी बसवलं?"

"मीच."

"आणि तुम्हालाच सापडलं नाही?"

म्हातारे हसायला लागले. जिपार तोंडाला पदर नव्हता म्हणून किटलीआड हसली. मांबेताली तेवढे हसले नाहीत, त्यांनी खिन्नपणे मान हलवली आणि शेजाऱ्याला म्हणाले, "सह्या चांगल्या करतो."

अध्यक्षीणबाईंनी मात्र चष्मा परत घातला. "नमुन्याचा दुसरा अर्धा भाग राखून ठेवलाय ना? तो हाताने धुवा. आत्ता, माझ्यासमोर. पुढचा जिल्हा उद्या करीन."

एजे बाह्या सरसावून पुढे झाली आणि थबकली. "बाइके, मला नाही धुता यायचं."

"का?"

एजेने दाराकडे बोट केलं. तिथे गेल्याच आठवड्यात एशिमकुलने उत्साहाच्या भरात लावलेला हुकूम होता, शिक्क्यासकट: यापुढे प्रयोगशाळेतील कोणत्याही मदतनिसाने खडी हाताने धुऊ नये. अध्यक्षीणबाईंनी तो शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाल्या, "चांगला हुकूम आहे. सहीसुद्धा सुरेख. प्रमुखांना यात मनाई दिसत नाही."

अशा रीतीने एशिमकुलने कोट काढला. अकरा वर्षं तो ह्या प्रयोगशाळेचा प्रमुख होता आणि अकरा वर्षांत त्याने एकदाही खडी धुतली नव्हती. परात पुढ्यात आली, नळ सुटला, आणि पहिल्यांदा हात बुडवल्याबरोबर त्याच्या तोंडून जो उद्गार निघाला तो सासऱ्यांना ऐकू आला नाही ही देवाची कृपा.

"बोटं फाकवा," एजे स्टुलावर बसून, हातात चहाचा वाडगा घेऊन म्हणाली. "दगड चोळायचे नाहीत, ढवळायचे. दगडांवर चिडल्यासारखं करू नका. हां. आता पाणी चाळणीवर ओता. हळू! एक दाणासुद्धा बाहेर गेला तर आक-कियाचा रस्ता गेला."

"तू हे रोज करतेस?" त्याचे दात वाजत होते.

"रोज कुठे? रविवारी सुट्टी असते."

दहा मिनिटांत त्याला बोटं कळेनाशी झाली. एकोणीस वर्षं, त्याच्या मनात आलं, आणि त्यातली अकरा आपण शेजारच्या खोलीत शेगडीपाशी बसून ह्या बाईच्या आकड्यांवर सही करत होतो. त्याला मनापासून लाज वाटली. यंत्राची वाटली त्याहून जास्त वाटली.

म्हाताऱ्यांनी सतरंजी उचलून परातीभोवती आणली होती. एवढ्या जवळून जावयाला काम करताना पाहायची संधी त्यांना कधी मिळाली नव्हती. "कोपर खाली घे," एक म्हणाला. "मेंढीचं आतडं धुतात तसं धू," दुसरा म्हणाला. मांबेताली वाकून, कानाजवळ येऊन, त्यांच्या मते हलक्या आवाजात म्हणाले, "पोरा, मघाशी आशीर्वाद मी एवढा लांबवणार नव्हतो. गुडघे दुखतात माझे. पण तुझे डोळे भरून आलेले पाहिले. म्हटलं, ह्याच्या मनाला भिडतंय, थांबलो तर वाईट वाटेल ह्याला."

ते सगळ्या खोलीला ऐकू गेलं. अध्यक्षीणबाईंनी भिंतीवरचं बटन पाहिलं, सतरंजीची रिकामी झालेली जागा पाहिली, एशिमकुलकडे पाहिलं, आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ खोकत राहिल्या.

"भिडलं होतं, आबा," एशिमकुल म्हणाला. "फार भिडलं."

पाऊण तासाने एजेने परातीत वाकून पाहिलं. "झालं. नितळ."

खडी वाळून काट्यावर चढली तेव्हा ऊन डोंगरामागे जात होतं. चार किलो नऊशे पासष्ट. शंभरात सात दशांश. म्हाताऱ्यांनी एकच कल्ला केला. जिपारने आईला फोन लावला आणि मध्येच रडायला लागली. मांबेतालींनी जावयाचे लालभडक, सुजलेले हात आपल्या हातांत घेऊन उलटसुलट करून पाहिले, आपल्या खिशातलं मेंढीच्या चरबीचं मलम काढलं आणि स्वतःच्या बोटांनी चोळलं. सव्वीस वर्षांत त्यांनी जावयाच्या हातांबद्दल काही न बोलण्याची ही पहिलीच वेळ होती.

अध्यक्षीणबाईंनी अहवालावर 'पास' असं लिहिलं आणि एका रकान्यापाशी थांबल्या. "धुण्याचं साधन, असं इथे विचारलंय. काय लिहू?"

"खरं तेच लिहा," एजे म्हणाली.

त्यांनी लिहिलं: प्रयोगशाळा प्रमुख. मग अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "नियमाप्रमाणे प्रत्येक साधनाचं नोंदपत्र लागतं. आठवड्याच्या आत पाठवा."

नोंदपत्र एजेनेच भरलं. रस्त्यावर ट्रक लागले त्या सकाळी ते टेबलावर आलं. साधन: खडी धुण्याचं. निर्मितीचं वर्ष: १९७२. वजन: ९४ किलो. चालतं कशावर: चहावर, दर अर्ध्या तासाला. आवाज: पहिली दहा मिनिटं फार, पुढे नाही. अचूकता: उत्तम, शेजारी कुणी बसून सांगत राहिल्यास. बंद करण्याची सोय: सासरे समोर नसल्यास आहे.

एशिमकुलने नोंदपत्र वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं. मग पेन उचललं, वजनाच्या रकान्यातले ९४ खोडून ९२ केले, आणि खाली सही केली.